विश्लेषण : घराचा वायरलेस पहारेकरी गप्प झाला, तर कळणार कसे?

दिवाळीची सुट्टी असो की मे महिना, गावाला गेलेल्या कुटुंबाच्या बंद घराचा कडी-कोयंडा तोडून ऐवज लांबवल्याच्या बातम्या ठरलेल्याच असतात. त्यावर उपाय म्हणून दारावर चिकटवायचे किंवा भिंतीवर टांगायचे छोटे वायरलेस सेन्सर ऑनलाइन बाजारात काही शे रुपयांपासून मिळू लागले आहेत. वायरिंग नको, भिंत फोडायला नको, कारागीर नको. दहा मिनिटांत घर सुरक्षित, असा विक्रेत्यांचा दावा असतो. देशात विकल्या जाणाऱ्या सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना ९ एप्रिल २०२५ पासून सायबर सुरक्षेची चाचणी सक्तीची झाली आहे. दारा-खिडक्यांच्या सेन्सरना मात्र ती कसोटी लागू नाही. त्यामुळे डब्यात नेमके काय आहे, हे ओळखण्याचे काम ग्राहकावरच येऊन पडते. हे सेन्सर काम कसे करतात, कुठे फसतात आणि घेताना काय पाहावे, याचा हा आढावा.

संचात नेमके काय असते?

साध्या संचात तीन घटक असतात. पहिला सेन्सर. दार उघडले, खोलीत कोणी हलले, काच फुटली, हे टिपणे एवढेच त्याचे काम. दुसरा हब किंवा पॅनेल. सेन्सरकडून आलेल्या रेडिओ संदेशावर काय करायचे, हे तो ठरवतो. तिसरा भोंगा म्हणजे सायरन. त्यांच्या जोडीला मोबाइलवरील अ‍ॅप असते.

संच बसवताना प्रत्येक सेन्सरची हबशी ओळख करून द्यावी लागते. याला ‘पेअरिंग’ म्हणतात. प्रत्येक सेन्सरचा स्वतःचा क्रमांक असतो आणि तो हबच्या यादीत नोंदवला जातो. ‘मुख्य दार’, ‘स्वयंपाकघराची खिडकी’, ‘गॅलरी’ अशी नावे त्याच वेळी द्यायची असतात. मध्यरात्री मोबाइलवर ‘सेन्सर ४’ असा संदेश आला, तर झोपेतून उठलेल्या माणसाला त्यातून काहीच कळत नाही.

त्यानंतर ‘घरी’ आणि ‘बाहेर’ या दोन स्थिती ठरवल्या जातात. रात्री सगळे घरात झोपलेले असताना फक्त दारे-खिडक्या राखायच्या. घर बंद करून बाहेर पडल्यावर आतल्या हालचालीवरही लक्ष ठेवायचे. घरातल्याच माणसाला भोंग्याने घाबरवू नये म्हणून मुख्य दाराला काही सेकंदांची सवलत देता येते. तेवढ्या वेळात कोड टाकला नाही, तरच भोंगा वाजतो.

काही स्वस्त संचांत हब नसतोच. सेन्सर घरातील वाय-फायवरून थेट कंपनीच्या सर्व्हरशी बोलतो आणि तिथून मोबाइलला सूचना येते. हे बसवायला सर्वांत सोपे. पण घरातले इंटरनेट बंद पडले, की हा पहाराही थांबतो.

हा इवलासा सेन्सर ओळखतो कसा?

दाराच्या सेन्सरचे दोन तुकडे असतात. एकात लोहचुंबक, दुसऱ्यात ‘रीड स्विच’. काचेच्या बारीक नळीत बसवलेल्या दोन लवचीक धातूच्या पट्ट्या चुंबक जवळ असला की चिकटतात आणि दूर गेला की सुटतात. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९३६ मध्ये हा स्विच तयार झाला. आजही जगभरातील दारांवर तोच काम करतो. दार उघडले की चुंबक दूर जातो, पट्ट्या सुटतात आणि सेन्सर हबला संदेश पाठवतो.

हालचालीच्या सेन्सरचे तत्त्व वेगळे आहे. त्याला ‘पीआयआर’ म्हणतात. तो स्वतः काहीच सोडत नाही. माणसाच्या शरीरातून बाहेर पडणारी उष्णता, म्हणजे अवरक्त किरण, टिपतो. त्याच्यापुढच्या पांढऱ्या, खाचाखाचांच्या प्लास्टिकच्या भिंगामुळे खोली अनेक पट्ट्यांत विभागली जाते. माणूस एका पट्ट्यातून दुसऱ्यात गेला, की उष्णतेत बदल होतो आणि सेन्सर जागा होतो. म्हणूनच सेन्सरकडे सरळ चालत येणाऱ्यापेक्षा त्याच्या समोरून आडवा जाणारा माणूस त्याला लवकर कळतो.

हे किरण खिडकीच्या साध्या काचेतून आरपार जात नाहीत. त्यामुळे घरात काचेमागे लावलेला पीआयआर बाहेरच्या गॅलरीतल्या माणसाला पाहू शकत नाही. दुसरी मर्यादा उन्हाची. खोलीचे तापमान माणसाच्या शरीराच्या जवळपास पोहोचले, की माणूस आणि भिंत यांच्या उष्णतेतील फरक पुसट होतो. अकोला, चंद्रपूर, नागपूरकडे मे महिन्यात बंद घर तापते, तेव्हा नेमके हेच घडू शकते. सुट्टीमुळे घरे बंद असतात तीही तेव्हाच. अशा ठिकाणी तापमानानुसार संवेदनशीलता बदलणारा किंवा पीआयआरच्या जोडीला मायक्रोवेव्ह लहरी वापरणारा सेन्सर घेतलेला बरा.

सेन्सर गप्प आहे, म्हणजे घर सुरक्षित आहे?

या सगळ्या विषयातला कळीचा प्रश्न हाच आहे. तारेने जोडलेल्या जुन्या अलार्ममध्ये तार कापली की सर्किट तुटायचे आणि पॅनेलला ते लगेच कळायचे. वायरलेसमध्ये कापायला तारच नाही. सेन्सरकडून संदेश आला नाही, याचे दोन अर्थ निघतात. एक, दार बंद आहे आणि सगळे ठीक आहे. दुसरा, सेन्सरची बॅटरी संपली आहे, तो खाली पडला आहे, बिघडला आहे किंवा त्याचा संदेश वाटेत अडवला गेला आहे. हबला दोन्ही वेळी एकच ऐकू येते, ते म्हणजे शांतता.

या दोन शांततांमधला फरक ओळखण्यासाठी चांगल्या यंत्रणेत ‘हजेरी’ची सोय असते. इंग्रजीतल्या ‘हार्टबीट’ या नावाने ती ओळखली जाते. काही घडले नसले तरी सेन्सर ठरावीक वेळाने ‘मी आहे, बॅटरी इतकी उरली आहे’ असे हबला कळवतो. यंत्रणेनुसार हे अंतर काही सेकंदांपासून काही तासांपर्यंत असते. हजेरी चुकली की हब मालकाला इशारा देतो. युरोपातील घुसखोरी-इशारा यंत्रणांसाठीच्या ‘ईएन ५०१३१’ या मानकात चार श्रेणी आहेत आणि वायरलेस जोडणीवर अशी देखरेख त्यात अपेक्षित आहे.

सर्वांत स्वस्त सेन्सर मात्र एकतर्फी असतात. त्यांच्यात फक्त संदेश पाठवणारा भाग असतो, ऐकणारा नसतो. दार उघडले की ते एक कोड हवेत सोडतात आणि पुन्हा झोपी जातात. तो कोड हबपर्यंत पोहोचला की नाही, हे त्यांना कळत नाही. दुतर्फी सेन्सर पोच येईपर्यंत संदेश पुन्हा पुन्हा पाठवू शकतो. हा फरक डब्याच्या बाहेरून दिसत नाही. दोन्हींचे रूप तेच, चिकटपट्टी तीच आणि जाहिरातीतले शब्दही बहुतेक वेळा तेच.

फ्रिक्वेन्सीचा घोळ काय आहे?

वायरलेस सेन्सर रेडिओ लहरींवर चालतात आणि कोणत्या लहरी विनापरवाना वापरता येतील, हे प्रत्येक देश ठरवतो. भारतात घरगुती सेन्सरच्या दृष्टीने तीन पट्टे महत्त्वाचे आहेत.

पहिला ४३३ ते ४३४ मेगाहर्ट्झ. घरातील वापरासाठीच्या अतिशय कमी ताकदीच्या उपकरणांना २०१२ च्या नियमांनुसार तो खुला आहे. स्वस्त संच बहुतेक याच पट्ट्यात चालतात. दुसरा ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झ. हा २००५ मध्ये परवानामुक्त झाला आणि २०२१ च्या नियमांनी त्याची हद्द ८६८ पर्यंत वाढली. तिसरा २.४ गिगाहर्ट्झचा. वाय-फाय, ब्लूटूथ आणि झिगबी यांची गर्दी याच पट्ट्यात असते.

कमी फ्रिक्वेन्सीच्या लहरी भिंतीतून तुलनेने सहज जातात. त्यामुळे जाड भिंतींच्या जुन्या वाड्यात किंवा दुमजली बंगल्यात ८६५ च्या आसपास चालणारी यंत्रणा २.४ गिगाहर्ट्झपेक्षा लांब पोहोचते. दाट वस्तीच्या इमारतीत २.४ गिगाहर्ट्झवर शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या राउटरचाही कोलाहल असतो. तिथे झिगबी हब वापरायचा असेल, तर वाय-फाय राउटर १, ६ किंवा ११ यांपैकी ज्या चॅनेलवर आहे, त्यापासून दूरचे चॅनेल हबला द्यावे आणि दोन्ही यंत्रे एकमेकांना खेटून ठेवू नयेत.

मराठी घरांत आणखी एक घोळ हमखास होतो. अमेरिकेतील मुलगा किंवा पुतणी सुट्टीत येताना तिकडचा सुरक्षा संच भेट म्हणून आणते. झेड-वेव्ह प्रकारचे अमेरिकी सेन्सर ९०८.४२ मेगाहर्ट्झवर चालतात. भारतासाठीची झेड-वेव्ह फ्रिक्वेन्सी ८६५.२ आहे. त्यामुळे अमेरिकी सेन्सर भारतीय हबशी जुळत नाही. शिवाय भारतात ८९० ते ९१५ मेगाहर्ट्झ हा पट्टा मोबाइल सेवेसाठी आहे. पुण्यातल्या दारावरचा अमेरिकी सेन्सर त्यामुळे विनापरवाना पट्ट्यात नव्हे, तर मोबाइल कंपन्यांच्या पट्ट्यात बोलत असतो. युरोपातील झेड-वेव्हची ८६८.४२ ही फ्रिक्वेन्सीही भारतीय हद्दीच्या किंचित बाहेर पडते. भेट कितीही प्रेमाची असली, तरी परदेशी संच इथे लावण्यात अर्थ नाही.

चोर सिग्नल अडवू शकतो का?

शक्य आहे. पण धोका किती आणि कोणाला, हे समजून घ्यायला हवे. पहिला प्रकार जॅमिंगचा. बॅटरीवर चालणाऱ्या सेन्सरची ताकद अगदी कमी असते. त्याच पट्ट्यात जवळून मोठा गोंगाट केला, तर हबला त्याचा संदेश ऐकू येत नाही. अमेरिकेत मिनेसोटा राज्यातील एडिना शहरात २०२४ मध्ये पोलिसांनी घरफोड्यांच्या मालिकेत वाय-फाय जॅमर वापरल्याचा संशय व्यक्त केला होता. भारतात सरकारी परवानगीशिवाय जॅमर वापरणे बेकायदा आहे. दूरसंचार विभागाने जानेवारी २०२२ मध्ये हे स्पष्ट करून ऑनलाइन विक्रीबाबतही इशारा दिला होता. कायद्याने बंदी आहे म्हणून घरफोड्या करणारा ती पाळेल, असे अर्थातच नाही.

दुसरा प्रकार नकलेचा. ४३३ मेगाहर्ट्झच्या अनेक स्वस्त सेन्सरमध्ये ‘ईव्ही१५२७’ किंवा तशाच धर्तीची चिप असते. तिचा २० बिटांचा कोड कारखान्यात ठरतो आणि कधीच बदलत नाही. म्हणजे एकूण १० लाख ४८ हजार ५७६ शक्यता, आणि प्रत्येक वेळी तोच कोड उघड्यावर. रिमोटही याच प्रकारचा असेल तर प्रश्न गंभीर होतो. ‘अलार्म बंद कर’ हा संदेश कोणी एकदा टिपून ठेवला, तर पुढे तो पुन्हा सोडता येतो. लास व्हेगासमधील ‘डेफ कॉन’ या परिषदेत २०१४ मध्ये एका अमेरिकी संशोधकाने मोठ्या कंपन्यांच्या घरगुती अलार्ममधील संदेशही कूटबद्ध नसल्याचे दाखवून दिले होते. आजच्या झिगबी, थ्रेड आणि झेड-वेव्हच्या नव्या आवृत्त्यांत संदेश कूटबद्ध असतात. त्यामुळे नुसते टिपून पुन्हा सोडण्याची युक्ती तिथे चालत नाही.

आपल्याकडचा नेहमीचा घरफोड्या लॅपटॉप घेऊन येत नाही. तो कटावणी घेऊन येतो. त्याला थांबवण्यासाठी साधा सेन्सर आणि मोठा भोंगाही अनेकदा पुरतो. मात्र जॅमिंग असो की संपलेली बॅटरी, दोन्हींचा परिणाम एकच, सेन्सर गप्प होणे. हजेरी घेणारा हब दोन्ही पकडतो, हजेरी न घेणारा एकही पकडत नाही. काही हब गोंगाट ओळखून ‘जॅमिंग’चा वेगळा इशाराही देतात.

बसवताना कुठे चुकते?

यंत्रणा चांगली असूनही बसवणे चुकल्याने ती निकामी ठरते. इथल्या घरांचा विचार करता काही गोष्टी सांभाळाव्या लागतात.

मुख्य दार : बहुतेक फ्लॅटना आत लाकडी दार आणि बाहेर लोखंडी सेफ्टी डोअर असते. लोखंडावर सेन्सर लावला, की चुंबकाचे क्षेत्र लोखंडातून वळते आणि रेडिओ लहरींची पोचही घटते. सेन्सर आतल्या लाकडी दारावर लावावा. लोखंडावरच लावायचा असेल, तर मध्ये प्लास्टिकची जाड पट्टी ठेवावी. दोन तुकड्यांमधले अंतर माहितीपत्रकात दिलेल्या मर्यादेतच असावे. बहुतेक सेन्सरमध्ये ते दोन सेंटिमीटरपेक्षा कमी असते.

पावसाळा : कोकणात आणि मुंबईत लाकडी दारे फुगतात. उन्हाळ्यात नीट मिटणारे दार जुलैत थोडे उघडे राहते आणि सेन्सर उगाच बोंब मारतो. चौकटीत थोडी मोकळीक ठेवून तुकडे लावावेत आणि पाऊस सुरू झाल्यावर पुन्हा तपासावेत. दमट, खाऱ्या हवेत बॅटरीच्या पट्ट्यांना गंज चढतो आणि चिकटपट्टीही सुटते. तिथे स्क्रू मारलेलेच बरे.

सरकत्या खिडक्या : अ‍ॅल्युमिनियमच्या खिडकीला दोन किंवा तीन झडपा असतात. एकाच झडपेला सेन्सर लावला, तर दुसरी सरकवून आत येता येते. सरकणाऱ्या प्रत्येक झडपेचा विचार करावा लागतो.

हालचालीचा सेन्सर : जमिनीपासून साधारण सात फुटांवर, खोलीच्या कोपऱ्यात आणि आत येणारा माणूस आडवा जाईल अशा दिशेने लावावा. समोर खिडकीचे ऊन, एसीचा झोत किंवा हलणारा पडदा नको. पाल किंवा कोळी थेट भिंगावर आला, तर सेन्सरला तो मोठ्या आकृतीसारखा भासतो. आपल्याकडे खोट्या इशाऱ्यांचे हे नेहमीचे कारण आहे. महिन्यातून एकदा भिंग पुसावे. मांजर किंवा कुत्रा असेल तर पाळीव प्राण्यांना वगळणारा सेन्सर घ्यावा.

हबची जागा : मुख्य दाराजवळच्या टीव्हीच्या कपाटात हब ठेवण्याची पद्धत आहे. आत शिरलेल्याला पहिल्यांदा दिसतो तोही तोच. हब घराच्या मध्यावर, नजरेआड, पण लोखंडी कपाट आणि पाण्याच्या टाकीपासून दूर असावा. त्याच्याकडे जाणाऱ्या वाटेवर हालचालीचा एक सेन्सर असावा, म्हणजे कोणी हबपर्यंत पोहोचण्याआधीच भोंगा वाजेल.

खोट्या इशाऱ्यांची किंमत मोठी असते. आठवड्यातून दोनदा उगाच वाजणारा भोंगा महिनाभरात बंद करून ठेवला जातो. शेजारीही त्याकडे लक्ष देईनासे होतात. लांडगा आला रे आला या गोष्टीतल्या पोरासारखी त्या यंत्रणेची गत होते.

वीज गेली, रिचार्ज संपला तर?

सेन्सर बॅटरीवर चालतो, पण राउटर आणि हब विजेवर. भारनियमन किंवा वादळात वीज गेली की राउटर बंद आणि त्याबरोबर मोबाइलवरच्या सूचनाही बंद. हबमध्ये स्वतःची बॅटरी आहे का, हे पाहावे. राउटरसाठी छोटा यूपीएस लावावा किंवा राउटर इन्व्हर्टरच्या पॉइंटवर घ्यावा. इमारतीत घुसणाऱ्याने मीटरच्या खोलीतून वीज बंद केली, तरी घराचा पहारा चालू राहिला पाहिजे.

दुसरी वाट सिमकार्डची. अनेक पॅनेल घरफोडी होताच ठरावीक क्रमांकांवर फोन लावतात किंवा एसएमएस पाठवतात. यातली स्वस्त पॅनेल २जीवर चालतात. जिओचे जाळे ४जी आणि ५जीचे असल्याने त्यांचे सिम अशा पॅनेलमध्ये चालत नाही. सिमची मुदत संपली तर पॅनेलचा पर्यायी मार्ग गुपचूप बंद होतो आणि घरात कोणाला पत्ताही लागत नाही. इथेही गप्प होण्याचा तोच धोका आहे. ट्रायच्या डिसेंबर २०२४ च्या निर्देशानंतर कंपन्यांनी डेटा नसलेले, फक्त कॉल आणि एसएमएसचे पॅक आणले. अशा पॅकची मुदत ३६५ दिवसांपर्यंत असू शकते. कॉल आणि एसएमएसवर चालणाऱ्या पॅनेलसाठी ते सोयीचे आहेत.

शेवटचा दुवा म्हणजे खुद्द मालकाचा मोबाइल. अनेक अँड्रॉइड फोन बॅटरी वाचवण्यासाठी मागे चालणारी अ‍ॅप बंद करतात. भोंगा वाजतो, सर्व्हर सूचना पाठवतो आणि फोन ती सकाळी दाखवतो. सुरक्षा अ‍ॅपला बॅटरी बचतीतून वगळावे आणि ‘डू नॉट डिस्टर्ब’मध्येही त्याचा आवाज येईल, अशी परवानगी द्यावी. पेअरिंग होताना सेन्सर सापडत नसेल, तर फोन ५ गिगाहर्ट्झच्या वाय-फायवर आहे का ते पाहावे. बहुतेक वाय-फाय सेन्सर फक्त २.४ गिगाहर्ट्झ ओळखतात.

सूचना आली तरी धावून कोण जाणार, हा प्रश्न उरतोच. परदेशातील मुलाला पुण्यातील आई-वडिलांच्या घराची सूचना मिळेल, पण दार ठोठावणारा शेजारीच असतो. म्हणून अ‍ॅपमध्ये एका विश्वासू शेजाऱ्याचा क्रमांक जोडावा, सोसायटीच्या सुरक्षारक्षकाला कल्पना द्यावी आणि खात्री पटताच ११२ वर फोन करावा.

कायदा ग्राहकाच्या बाजूने किती?

सीसीटीव्ही कॅमेऱ्यांसाठी इलेक्ट्रॉनिक्स आणि माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने एप्रिल २०२४ मध्ये सुरक्षेच्या अत्यावश्यक अटी अधिसूचित केल्या. ९ एप्रिल २०२५ पासून हार्डवेअर आणि सॉफ्टवेअरची मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासणी झाल्याशिवाय कॅमेरे विकता येत नाहीत. दार आणि हालचालीचे सेन्सर या यादीत नाहीत.

वायरलेस सेन्सरना लागते ती ‘ईटीए’, म्हणजे दूरसंचार विभागाच्या वायरलेस शाखेची उपकरण प्रकार मंजुरी. ती रेडिओपुरती असते. उपकरण कोणत्या पट्ट्यात आणि किती ताकदीने चालते, हे त्यात पाहिले जाते. संदेश कूटबद्ध आहे का, हजेरी घेतली जाते का, याच्याशी तिचा संबंध नाही. म्हणजे प्रमाणपत्र असलेला सेन्सर कायदेशीर असतो, पण तेवढ्याने तो सुरक्षित ठरत नाही.

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने मे २०२५ मध्ये वॉकीटॉकीसह रेडिओ उपकरणांच्या ऑनलाइन विक्रीबाबत मार्गदर्शक तत्त्वे काढली. फ्रिक्वेन्सी आणि ईटीएची माहिती विक्रीच्या पानावर असावी, असा त्यांचा रोख आहे. दूरसंचार अभियांत्रिकी केंद्राने २०२१ मध्ये ग्राहकोपयोगी ‘आयओटी’ उपकरणांसाठी आचारसंहिता प्रसिद्ध केली. सगळ्या उपकरणांना एकच पासवर्ड नको, त्रुटी कळवण्याची सोय हवी, सॉफ्टवेअर अद्ययावत ठेवावे, अशी त्यातील तत्त्वे आहेत. पण ती मार्गदर्शक आहे, सक्तीची नाही. ब्रिटनने हीच तत्त्वे २९ एप्रिल २०२४ पासून कायद्याने बंधनकारक केली. तिथे विक्रेत्याला सुरक्षा अपडेट किती काळ मिळतील, हे सांगावेच लागते. युरोपीय संघाचा सायबर रेझिलिअन्स कायदा डिसेंबर २०२४ मध्ये अमलात आला असून त्याच्या मुख्य अटी डिसेंबर २०२७ पासून लागू होतील.

खासगीपणाचाही मुद्दा आहे. सेन्सर छायाचित्र घेत नाही, त्यामुळे घरातील माणसांना आणि कामाला येणाऱ्या मदतनिसांना कॅमेऱ्यापेक्षा तो कमी जाचक वाटतो. पण दार किती वाजता उघडते आणि घर किती तास रिकामे असते, ही नोंद चोराच्या दृष्टीने छायाचित्रापेक्षा मोलाची. डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. घरगुती वापर करणाऱ्या व्यक्तीला त्यातून सूट आहे. ही नोंद सर्व्हरवर ठेवणाऱ्या कंपनीला नाही. मात्र कंपन्यांवरील मुख्य बंधने नियमांनंतर १८ महिन्यांनी लागू होणार आहेत. तोवर अ‍ॅपचा पासवर्ड वेगळा ठेवणे, दुहेरी पडताळणी सुरू करणे आणि हबचा कारखान्यातून आलेला पासवर्ड पहिल्याच दिवशी बदलणे, एवढे ग्राहकाच्या हातात आहे.

मग घ्यावा की नको?

बंद घरात काहीच नसण्यापेक्षा सेन्सर असणे केव्हाही चांगले. चोर आत शिरताच भोंगा वाजला, तर त्याच्या हाती वेळ कमी उरतो. पण सेन्सर हे कुलपाला पर्याय नाहीत. दार उघडल्यावर इशारा देणारा सेन्सर वाजतो, तोवर कुलूप तुटलेले असते. म्हणून पहिला खर्च चांगले कुलूप, मजबूत कडी आणि ग्रिलवर व्हावा, सेन्सरवरचा त्यानंतर.

खरेदीपूर्वी विक्रेत्याला पाच गोष्टी विचाराव्यात. सेन्सर एकतर्फी आहे की दुतर्फी? हजेरी किती वेळाने घेतली जाते? संदेश कूटबद्ध असतो का? फ्रिक्वेन्सी कोणती आणि ईटीए आहे का? वीज व इंटरनेट नसताना भोंगा वाजतो का? उत्तर टाळले गेले, तर तेच उत्तर समजावे.

आणि डबा घरी आल्यावर, परत करण्याची मुदत संपण्याआधी एक चाचणी करावी. संच पूर्ण बसवून सुरू करावा आणि एका सेन्सरची बॅटरी काढून टाकावी. झाकण उघडल्याचा इशारा आला, तर तो वेगळा. चांगल्या सेन्सरमध्ये तो येतोच. त्यानंतर घड्याळ लावून थांबावे. ‘मुख्य दाराचा सेन्सर संपर्कात नाही’ असा संदेश मोबाइलवर किती वेळाने येतो, ते पाहावे. काही मिनिटांत आला तर उत्तम. काही तासांत आला तर बॅटरी संपल्याचे तरी कळेल, घरफोडीच्या वेळी त्याचा उपयोग नाही. दुसऱ्या दिवशीही अ‍ॅपमध्ये ते दार ‘बंद, सुरक्षित’ असेच दिसत असेल, तर तो संच परत करावा.